पळीभर पाणी, घागरभर पाणी

ऊन अजून अंगणात उतरलं नव्हतं, तरी इंद्रभानच्या घरासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. खामगावकडून एक जीप भरून आली होती, चिखलीकडून दुसरी. बायका ओसरीला लागून बसल्या होत्या, पुरुष गोठ्याच्या भिंतीशी उभे होते, आणि ज्यांना यायला उशीर झाला ते कुंपणाच्या दगडांवर चढले होते. सगळ्यांचे डोळे ओसरीतल्या टेबलाकडे लागले होते. टेबलावर एक कॉम्प्युटर होता. त्याच्या पडद्याला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूची माळ, आणि माउसवर कोणीतरी भक्तिभावाने बेलाचं पान ठेवलेलं. शेजारी लाल दिवे लुकलुकणारी एक काळी डबी होती. तिला मोडेम म्हणतात. घरोघरी मोबाइल यायच्या आधी फोनच्या तारेवरून इंटरनेट आणायचं काम हे यंत्र करायचं. पण या अंगणात तिला मोडेम म्हणायची कोणाची छाती नव्हती. त्या डबीतून प्रज्वल रडायचा. आणि इंद्रभानचा हा एकुलता एक मुलगा जीप उलटून गेला, त्याला चार महिने झाले होते.

"शांत! सब शांत!" नादानंद महाराजांनी हात वर केला. "शरीर जळते, नाद जळत नाही! हा पोरगा दिवसरात्र ज्या तारेवर बोलत होता, त्याच तारेत त्याचा आत्मा अटकला आहे. सायन्सवाले काय सांगतील? त्यांच्याजवळ तार आहे, पण तारणारा आहे का?"

"नाही, महाराज!" गर्दी म्हणाली.

महाराज कुठले, कोणालाच सांगता येत नव्हतं. आले तेव्हा खांद्याला एक झोळी होती. आता अर्धी ओसरी त्यांची होती. त्यांचा नाद अमर असला तरी विजेवर चालणारा होता. लोडशेडिंगची वेळ बदलली की प्रज्वलच्या आत्म्याचीही वेळ बदलायची. पण रडायला बसलेल्या माणसांना असल्या गोष्टी दिसत नाहीत.

अंगणाच्या मधोमध नवं तुळशीवृंदावन होतं, प्रज्वलचं नाव कोरलेलं. महाराजांनी आधी अन्नपूर्णाबाईंना, म्हणजे प्रज्वलच्या आईला, पुढे बोलावलं. तिच्या हातात तांब्याची पळी दिली. "माय, आईचं पाणी पळीभर पुरते." तिने तुळशीला पळीभर पाणी घातलं. टाळ वाजले, आरती झाली. सगळे कान देऊन बसले. डबी गप्प होती, दिवे शांतपणे जळत होते.

"पाहा! लेकरू तृप्त आहे!"

मग महाराजांचा आवाज चढला. "आता बायको!"

प्रज्वलची बायको अनुपमा घरातून आली. तिच्या दोन्ही हातांत भरलेली घागर होती. पापाला घागर लागते, असा महाराजांचा हिशेब. तिने मान खाली घालून सगळी घागर वृंदावनात रिकामी केली. पुन्हा टाळ, पुन्हा आरती. ती संपता संपता डबीतला एक दिवा विझला. मग आतून टकटक आली, मग लांब शीळ, आणि मग घशात काहीतरी अडकल्यासारखी घरघर. थांबली. पुन्हा टकटक, पुन्हा शीळ, पुन्हा घरघर. पुन्हा. पुन्हा.

"रडला! रडला रे बाप्पा!" बायका पदर तोंडाला लावून हुंदके देऊ लागल्या. शेजारची तानुबाई मोठ्यांदा म्हणाली, "मेल्यावरबी त्याले हिच्या हातचं पानी चालत नाही!" अनुपमा रिकामी घागर घेऊन तशीच उभी होती. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही, आणि ज्यांनी पाहिलं त्यांनी थुंकण्यासाठी पाहिलं.

इंद्रभान ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता. तो काही देवभोळा माणूस नव्हता. आयुष्यात त्याने ना कोणाचा गंडा बांधला, ना कोणापुढे लिंबू ठेवलं. हा महाराज लबाड आहे असं त्याला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. तरी तो उठला नाही, कारण त्या घरघरीत त्याला मुलाचा घसा ऐकू यायचा. लहानपणी प्रज्वलला डांग्या खोकला झाला होता, तेव्हा रात्रभर तो असाच घरघरायचा. ते खोटं असलं तरी इंद्रभानला हवं होतं.

प्रज्वलने हा कॉम्प्युटर मोठ्या हौसेने आणला होता. तो त्यावर खामगाव-चिखलीचे भाजीचे भाव पाहून गावाला सांगायचा, दहावी-बारावीचे निकाल काढून द्यायचा. अंगणातून गेलेली फोनची तार कडब्याच्या गाड्यांना अडकून तुटायची, म्हणून त्याने ती स्वतःच्या हाताने जमिनीत पुरली होती. कुठून कशी पुरली, ते त्याच्याबरोबर गेलं. तेराव्यानंतर अन्नपूर्णाबाईंनी हट्ट धरला: पोराच्या अस्थी साऱ्या नदीत नको, चिमूटभर अंगणात राहू द्या, वर तुळस लावा. निवृत्ती गवंड्याने पाया खणला, अस्थी ठेवल्या, वृंदावन बांधलं.

अनुपमाने मुलीसाठी, छकुलीसाठी, हे काम पुढे चालवायचं ठरवलं होतं. ती चिखलीच्या शाळामास्तरांची मुलगी. कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. पण कॉम्प्युटर सुरू केला की इंटरनेट लागायचं, आणि सकाळी तर लागल्या लागल्या तुटायचं. एकदा तुटलं की आपोआप पुन्हा फोन लावायचा, अशी सोय प्रज्वलने करून ठेवलेली. म्हणून डबी पुन्हा पुन्हा ओरडायची. अनुपमाने एकेक करून सगळं तपासलं. डबीची वायर बदलली. मग डबीच खामगावच्या दुकानात नेली. तिथे ती दुकानदाराच्या फोनवर बिनतक्रार चालली. लाइनमनला बोलावलं, त्याने दुपारी येऊन खांबावर तार तपासली, म्हणाला, इथपर्यंत चोख आहे. म्हणजे डबी चांगली, खांबापर्यंतची तारही चांगली. उरलं काय? अंगण.

तिने घरात सांगितलं, "आत्याबाई, वृंदावनाखाली तार पाहावी लागन. तिथंच काहीतरी झालं आहे."

अन्नपूर्णाबाई किंचाळल्या होत्या. "माह्या लेकाच्या अस्थी उकरतं? भाव पाहाले? तुले त्याची राख बी नको घरात?"

इंद्रभान तेव्हाही गप्प बसला. गावभर झालं की सून नवऱ्याच्या अस्थी उपटायला निघाली. आणि त्याच आठवड्यात झोळीवाले महाराज आले.

त्यांना डबीचा आवाज ऐकवला गेला. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि निदान केलं. मग रस्त्याकडेची जागा मठासाठी मागितली. ती जागा प्रज्वलची होती, आता अनुपमाची. "ती छकुलीची आहे," असं म्हणून तिने नकार दिला. त्या नकारानंतर प्रज्वलच्या आत्म्याला बायकोचा राग येऊ लागला. हा योग एवढ्या मोठ्या गावात कोणाच्या लक्षात येऊ नये, याचंच नवल.

मग अनुपमा चार दिवस बाजूला बसली. पाळीच्या दिवसांत तुळशीला शिवायचं नाही, ही घरची रीत. ते चार दिवस तिच्याऐवजी सासूने महाराजांच्या सांगण्यावरून पळीभर पाणी घातलं, आणि ते चारही दिवस डबी एकदा ओरडून गप्प राहिली. पाचव्या दिवशी अनुपमाने घागर ओतली आणि रडणं सुरू झालं. याहून पुरावा तो काय हवा? महाराजांनी निकाल दिला: येत्या अमावस्येला बायकोने घर सोडायचं, सौभाग्याचं जे असेल ते इथेच ठेवायचं आणि मुलगीही आजीजवळ ठेवायची, कारण बापाचा जीव तिच्यात आहे. जागेच्या कागदावर सही करायची. मग आत्मा सुटेल.

गावाला हे फार पटलं. अनुपमाच्या हातचं पाणी बायकांनी आधीच बंद केलं होतं. आता छकुलीला तिच्याजवळ झोपूही देत नव्हते. आईसाठी रडत ते लेकरू आजीच्या पदरात झोपायचं.

अमावस्येच्या आदल्या दुपारी अनुपमा मळ्यात भाकर घेऊन आली. इंद्रभान वांग्यांना पाणी देत होता. तिने भाकर बांधावर ठेवली, पण गेली नाही.

"मामाजी, एक इचारू?"

"इचार."

"माह्या हातून खरंच काही झालं असन का?" तिचा आवाज अगदी सपाट होता. "त्या दिवशी सकाळी मीच यायले जीपनं जा म्हटलं होतं. हे एसटीनं जाणार होते. मले आता वाटून राह्यलं, ते त्याच्यासाठीच रडत असतील."

इंद्रभानच्या हातातलं फावडं थांबलं. ज्या पोरीने डबी, वायर, खांब असं एकेक तपासून बिघाड अंगणापर्यंत आणून ठेवला होता, तीच आता स्वतःला गुन्हेगार समजू लागली होती. महाराजाने जागा मागितली त्याचा इंद्रभानला एवढा राग आला नव्हता. हे ऐकून मात्र त्याने फावडं बांधावर आपटलं.

"छकुलीले ठेवून जाईन मी," ती म्हणाली. "त्यायले शांती भेटत असन तर."

ती गेली. इंद्रभान तिथेच बसून राहिला. पाणी एका वाफ्यात भरत गेलं आणि बांध फोडून वाहू लागलं, तरी त्याचं लक्ष नव्हतं. शेजारचा वाफा कोरडा पडला होता, आणि तिथली वांगी माना टाकून उभी होती. दोन्ही वाफ्यांत रोपं एकाच वाणाची, लावली एकाच दिवशी. कोणी म्हणालं असतं की ती कोरड्या वाफ्यातली रोपंच खराब, तर इंद्रभानने त्याला वेड्यात काढलं असतं. आधी पाणी तर सारखं दे, म्हणाला असता.

मग तो एकदम उभा राहिला. पळी. आणि घागर. आईला पळी दिली होती आणि सुनेला घागर. चाळीस वर्षं वाफ्यांना पाणी देणाऱ्या माणसाला हे रोज डोळ्यांसमोर होत असताना दिसलं नव्हतं, कारण त्याला ते रडणं ऐकायचं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. कारण आता काय करावं लागणार, ते त्याला कळलं होतं.

अमावस्येला गर्दी दुप्पट होती. दाराशी अनुपमाची पिशवी भरून ठेवली होती. महाराज नव्या कफनीत होते. "आज मुक्ती!" ते ओरडले. "माय, पळी घे!"

इंद्रभान खांबापासून उठला. वृंदावनाजवळ आला. त्याने बायकोच्या हातातली पळी काढून घेतली आणि ती अनुपमाच्या हातात दिली.

"सूनबाई, तू पळीभर घाल."

"अरे, ये क्या करते हो!" महाराज पुढे आले. "पापिणीले पळी? विधी बिघडते!"

"महाराज, त्याले तिच्या हातचं चालत नाही ना? मंग पळीभर काय आन् घागरभर काय, तो रडनच. तुमी काऊन घाबरता?"

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "हाव, बराबर आहे. होऊ द्या." कुंपणावरच्यांना तर जास्तीचा खेळ हवाच होता. अनुपमाने पळीभर पाणी घातलं. आरती झाली. सगळे थांबले. डबी गप्प. दिवे शांत. गर्दीत चुळबुळ सुरू झाली. तानुबाईने शेजारणीकडे पाहिलं.

"आता तू," इंद्रभान बायकोला म्हणाला आणि भरलेली घागर तिच्यापुढे धरली.

"मी?" अन्नपूर्णाबाई मागे सरकल्या.

"तू त्याची माय आहेस. वत."

तिने घागर ओतली. मुलाचं नाव घेत, शेवटच्या थेंबापर्यंत ओतली. महाराजांनी आरती म्हणायला नकार दिला, तेव्हा ती इंद्रभानने स्वतः म्हटली, बेसूर आवाजात, एकट्याने. ती संपायच्या आत डबीतला दिवा विझला. टकटक. शीळ. घरघर. पुन्हा टकटक, पुन्हा शीळ.

अन्नपूर्णाबाई मटकन खाली बसल्या. "माह्यासाठी रडते? प्रज्वल, माह्या हातचं पानी काऊन नाही घेत रे बाबा?" हे असं होणार हे इंद्रभानला माहीत होतं, आणि तरी त्याने तिच्या हातात घागर दिली होती. दुसरा इलाज नव्हता. त्याने गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली कुदळ उचलली.

"मालक, थांबा!" गर्दीतून निवृत्ती गवंडी धावत आला आणि वृंदावनासमोर आडवा आला. "समदं नका फोडू. अस्थी मधात आहेत. तार इकडं आहे, दाराच्या अंगानं. मी दाखवतो."

"निवृत्ती! मुँह बंद!" महाराज गरजले.

"नाही करत आता," निवृत्ती म्हणाला. "पाया खंदताना कुदळीखाली तार आली, तुटली. तुमच्या घरात येवढं दुःख, त्यात हे कुठं सांगू म्हटलं. पीळ देला, खताच्या पोत्याचा तुकडा गुंडाळला आन् वर रेती लोटली. मंग हे रडनं सुरू झालं तसा मी घाबरलो. महाराजाले जाऊन सांगतलं. ते म्हनले, तोंड उघडलं तर तुह्या घरात मुडदा पडन."

घागर कोणाला आणि पळी कोणाला द्यायची हे महाराजांनी ठरवलं, ते त्यानंतरच.

निवृत्तीनेच खणलं. वृंदावनाच्या तळाला पाणी निघून जायला त्याने भोक ठेवलं होतं, आणि ते पाणी सरळ रेतीत उतरत होतं. वीतभर खाली पोत्याचा कुजलेला तुकडा सापडला. त्याच्या आत तांब्याच्या दोन तारा होत्या, हिरव्या पडलेल्या, चिखलाने भरलेल्या. अनुपमा खाली बसली. तिने पदराने तो सांधा पुसला.

"हे पाहा," ती म्हणाली. "पाणी इथपर्यंत आलं की सांधा ओला होतो, फोनमध्ये खरखर होते, कनेक्शन तुटते. तुटलं की कॉम्प्युटर पुन्हा फोन लावतो. लावताना डबी जो आवाज करते, तोच हा आवाज. हे जिवंत होते तेव्हाही आवाज हाच होता. तेव्हा एकदाच यायचा, कारण तार धड होती. पळीभर पाणी खाली पोचतच नाही. दुपारपर्यंत रेती सुकते, म्हणून लाइनमनले काही सापडलं नाही."

तिने तारा खरवडून चकचकीत केल्या, पिळल्या, प्रज्वलच्या डब्यातली चिकटपट्टी गुंडाळली आणि सांधा दगडावर वर ठेवला. कॉम्प्युटरने फोन लावला. डबी एकदा ओरडली आणि गप्प झाली. इंद्रभानने एक घागर ओतली. मग दुसरी. आरती म्हणायची कोणालाच आठवण झाली नाही. डबी गप्पच राहिली, आणि पडद्यावर खामगावच्या बाजाराचे भाव उमटले. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर.

"आत्मा मुक्त झाला!" महाराजांनी जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून जाहीर केलं. "आमचं कार्य संपलं!" काही पोरं दगड उचलायला वाकली, तर दोन बायका पाया पडायला. जीप निघून गेली. लोक पांगले. जाताना कोणी अनुपमाची माफी मागितली नाही. तानुबाई एवढंच म्हणाली, "आमाले का मालूम बाई, समदे म्हनत होते."

अन्नपूर्णाबाई चिखलात तशाच बसल्या होत्या. "तो आता नाही रडनार?"

"तो रडतच नव्हता," इंद्रभान म्हणाला, आणि मग तो स्वतः रडला. चार महिन्यांत पहिल्यांदा. मुलगा जीपखाली गेला तो एकदा गेला होता. आज बापाने त्याला आपल्या हाताने गप्प केलं होतं.

डोळे पुसून त्याने वर पाहिलं, तर अनुपमा एका हातात पिशवी आणि कडेवर छकुली घेऊन उभी होती.

"सूनबाई, आता काऊन जातं? आता तर समदं उघडं पडलं."

"हाव, मामाजी. उघडं पडलं." ती शांतपणे बोलत होती. "पण मी या अंगणात उभी राहून रोज रडत होती. सगळ्यायच्या समोर. डबीचं रडणं तुम्हा साऱ्यायले ऐकू आलं. माहं नाही आलं." तिने छकुलीला कडेवर सावरलं. "चिखलीले खोली घेईन. कॉम्प्युटर तिथंही चालते. तुम्ही छकुलीले भेटाले येत जा."

इंद्रभानला तिला थांबवायचं होतं, पण कोणत्या तोंडाने थांबवणार? त्याने कॉम्प्युटरवरची झेंडूची माळ काढली, हळदकुंकू पुसलं आणि तो उचलून चिखलीच्या जीपपर्यंत नेला. काळी डबी त्याने शेवटी दिली. हातात ती अगदी हलकी लागली.

आजही तो मळ्यात असतो. अन्नपूर्णाबाई आजही सकाळी तुळशीला घागरभर पाणी घालतात आणि क्षणभर ओसरीकडे कान देतात. गावात अधूनमधून कोणाच्या अंगात येतं, कोणाची नजर लागते, कुठल्यातरी बाईचं नाव पुढे येतं, आणि मग कोणीतरी इंद्रभानला विचारायला मळ्यावर येतं. तो पाणी देता देता बोलतो.

"मी काही शिकलेला नाही बाप्पा. कोनी म्हनलं, हिच्यामुळं झालं, तर ऐकून घे. पन मंग एका हाती पळी आन् एका हाती घागर देऊ नको. दोघायले सारखं पानी घाल आन् पाहा. आन् पाहाचं असन तर लवकर पाह्य. मी पाह्यलं, पन घरातलं मानूस निघून जाईपर्यंत थांबलो."